घरमालकाने भाडे कायदा मोडल्यास दंडाची कारवाई कशी करावी

कोल्हापुरात राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत अजूनही कितीतरी खोल्या तोंडी बोलीवर भाड्याने दिल्या जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मात्र भाडेकरार, मग तो लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता फक्त जागा वापरण्याची परवानगी देणारा) का असेना, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळणाऱ्या मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंड सरकारजमा होतो. भाडेकरूच्या हाती त्यातले काही पडत नाही. त्याच्या खऱ्या उपयोगाची तरतूद याच कलमात आहे: नोंदणीकृत करार नसेल, तर ज्या अटींवर जागा दिली गेली त्यांबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

म्हणून तक्रारीआधी कागद जमवावेत. भाडे रोख न देता यूपीआयने द्यावे व शेऱ्यात महिना लिहावा. भाड्याची पावती देणे कलम ३१ नुसार बंधनकारक आहे. ती दरमहा व्हॉट्सॲपवर मागावी, म्हणजे मालकाची टाळाटाळही लेखी राहते.

खोली रिकामी करून घेण्यासाठी वरच्या टाकीचा कॉक बंद करणे किंवा मीटरमधला फ्यूज काढून नेणे हा जुनाच डाव आहे. सबळ कारणाशिवाय पाणी, वीज किंवा जिन्यातला दिवा तोडण्यास कलम २९ ची मनाई आहे. भाडेकरूने त्याच दिवशी बंद कॉकचे फोटो काढावेत, शेजारच्या खोलीत पाणी चालू असल्यास तेही टिपावे, आणि मालकाला लेखी कळवून न्यायालयात अर्ज करावा. न्यायालयाने दिलेल्या तारखेपर्यंत सेवा सुरू न केल्यास पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम आजच्या मानाने किरकोळ आहे. वजन आहे ते सेवा पूर्ववत करण्याच्या आदेशाला. मात्र भाडे थकलेले असल्यास मालकाला सबब आयती मिळते. शिवाय या कलमात शब्द ‘भाडेकरू’ असा आहे, त्यामुळे लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याने अर्जाआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

मालकांनीही हिशेब मांडून पाहावा. महापालिका हद्दीत लिव्ह अँड लायसन्सचे नोंदणी शुल्क १,००० रुपये आहे. सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त सादर न केल्यास पुढच्या ४ महिन्यांत शुल्काच्या १० पटींपर्यंत दंड भरावा लागू शकतो, म्हणजे कलम ५५ मधल्या कमाल दंडाच्या दुप्पट.