मुलांसोबत पिझ्झा करताय? या चुका टाळा

बेळगावच्या वडगावात घरीच पाळणाघर चालवते, सोळा वर्षं झाली. दीड ते पाच वर्षांची आठ-नऊ मुलं असतात. पिझ्झाचा खेळ त्यांना फार आवडतो, म्हणून नव्याने पाळणाघर सुरू करणाऱ्या बायकांना मी तो आवर्जून सांगते. पण दर वेळी त्याच चुका होतात आणि त्रास पोरांना होतो.

यीस्टचं पीठ मुलांसमोर भिजवायला घेऊ नका. मी एकदा घेतलं होतं. आषाढातला दिवस, बाहेर झड लागलेली. तासाभरात फुगतं हा माझा मे महिन्यातला अनुभव. बेळगावच्या पावसाळी गारठ्यात यीस्ट सुस्तावतं. त्यात लवकर व्हावं म्हणून मी पाणी कढत घेतलं. बोट ठेववत नाही इतक्या गरम पाण्यात यीस्ट मरतं. पाणी बाळाच्या अंघोळीइतकं कोमटच हवं. साडेअकराला हात धुऊन बसलेली मुलं एक वाजता भुकेने रडत होती आणि फडक्याखाली गोळा होता तेवढाच. शेवटी सकाळच्या भाकरीवर टोमॅटोची चटणी पसरून दिली, तेव्हा शांत झाली.

तेव्हापासून मी लादीपाव आडवा कापते. मुलं सॉस लावतात, भाज्या मांडतात. मग तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, चीज विरघळेपर्यंत. लगेच ताटलीत देत नाही, कारण गरम चीज टाळ्याला चिकटतं. "व्हिडिओत दहा मिनिटांत होतंय की ओ काकू," असं एक आई म्हणाली. व्हिडिओतल्या त्या दहा मिनिटांत भुकेलं पोर सांभाळायचं नसतं. ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी कागदाचा पिझ्झा चिकटवायला द्यावा, त्यातही मुलं रमतात.

मळायला पीठ द्यायचं तर खेळण्यापुरतं द्या, पण कच्चं तोंडात जाऊ देऊ नका. कच्च्या पिठातही जंतू असू शकतात.

दुसरी चूक जिवावरची आहे. ऑलिव्ह नव्हते म्हणून मदतीला आलेल्या मुलीने वाटीत अख्खी काळी द्राक्षं ठेवली. अडीच वर्षांच्या एकीने पावावर ठेवायच्या आधीच एक तोंडात टाकलं. ती रडली नाही, खोकलीही नाही, नुसते डोळे मोठे केले. घास पूर्ण अडकला की आवाज येत नाही, हे मला माहीत होतं म्हणून लक्ष गेलं. तिला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने जोरात थापा मारल्या. चौथ्या थापेला द्राक्ष बाहेर आलं. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यावं. दिसत नसताना तोंडात बोट घालू नये, घास आणखी आत जातो.

आता द्राक्ष, छोटे टोमॅटो, ऑलिव्ह सगळं उभं चिरून चार तुकडे. गाजर किसून, गोल चकत्या कधीच नाहीत. चिरायला बसते ती मुलं यायच्या आधी, कितीही वेळ लागो.

मिरची चिरलेल्या पाटावर ढोबळी मिरची चिरू नका, तेच हात डोळ्याला जातात. दूध-गव्हाची ॲलर्जी कुणाला आहे ते आईला आदल्या दिवशी विचारा. खेळायच्या कापडी पिझ्झावर मणी-बटणं शिवू नका. नमुन्याचा पिझ्झा आधी करून दाखवू नका, मग सगळे तोच काढतात. तीन वर्षांच्या मुलाला पाव-अर्धा असे अपूर्णांक शिकवू नका, सगळ्यांना एकेक तुकडा पोचला की त्याचं वाटणीचं गणित होतं.

आणि मुलं पिझ्झाचं दुकान-दुकान खेळताना मधे बोलू नका. आमच्याकडे कन्नड घरातली मुलं "एरडु कोडी" म्हणतात, मराठी "दोन द्या" म्हणतात, आणि गल्ल्यावर बसलेला साडेतीन वर्षांचा पोरगा दोघांनाही बरोब्बर दोनच देतो.