दोन काळांच्या सांध्यावरचं रिव्हॉल्व्हर कसं वाचायचं

स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीचं जुनं रिव्हॉल्व्हर हातात आलं की मी आधी सिलिंडर उघडून काडतुसाचं प्रत्येक घर रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासतो. मग स्क्रू मोजतो. हे मोजणं सोपं वाटतं, पण त्यातच बहुतेक जण फसतात.

साइडप्लेटवर (फ्रेमच्या उजव्या बाजूच्या झाकणपट्टीवर) चार आणि चापाच्या कड्यासमोर फ्रेममध्ये एक, असे पाच स्क्रू म्हणजे जुनी घडण. १९५५ च्या आसपास साइडप्लेटचा वरचा स्क्रू गेला, १९६१-६२ च्या सुमारास कड्यासमोरचा गेला आणि तीन उरले. एक स्क्रू बहुधा मुठीच्या लाकडी पट्टीखाली दडलेला असतो, म्हणून पट्टी काढल्याशिवाय आकडा सांगू नका. पट्टी काढताना खाचेत अगदी घट्ट बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या. चेंबटलेली खाच पुन्हा मूळची होत नाही, आणि मला ते पाहवत नाही.

आता सिलिंडर बाहेर झुलवून योकमागची (सिलिंडर ज्यावर झुलतं त्या हातामागची) फ्रेम पाहा. मॉडेल क्रमांक देण्याची पद्धत १९५७ मध्ये सुरू झाली आणि तो इथे ठोकलेला असतो. क्रमांकापुढची आडवी रेघ आणि आकडा म्हणजे त्या मॉडेलमधला बदल. मॉडेल १९ घ्या: १९-१ मध्ये एजेक्टर रॉडचे (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचे) आटे उलटे झाले, १९-२ मध्ये कड्यासमोरचा स्क्रू गेला, १९-५ मध्ये म्हणजे १९८२ च्या सुमारास बॅरलच्या मुळाशी आरपार जाणारी पिन आणि काडतुसाची कड आत बसावी म्हणून घरांच्या तोंडाशी कोरलेली जागा, दोन्ही गेल्या. मात्र १९ चा अर्थ १० ला लावू नका. साध्या, बारीक बॅरलच्या मॉडेल १० मध्ये आट्यांचा बदल १०-२ वर आहे आणि स्क्रूचा १०-४ वर.

आट्यांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे वस्तू मोडते. या कंपनीचं सिलिंडर मागून पाहिलं तर डावीकडे फिरतं. जुन्या उजव्या आट्यांचा रॉड वापरात ढिला होऊन सिलिंडर अडकवायचा, म्हणून आटे उलटवले. जुनी रचना जाऊन नवी येतानाच्या संक्रमणकाळातल्या नगावर रॉड कोणत्या बाजूने सुटेल हे गृहीत धरू नका. समोरासमोरच्या घरांत काडतुसांची रिकामी आवरणं घाला, म्हणजे एक्स्ट्रॅक्टरला (काडतुसं कडेने उचलणाऱ्या चकतीला) आधार मिळतो. मग हलकेच दोन्ही बाजूंनी अंदाज घ्या. सुटत नसेल तर सोडून द्या. ओळख पटवायला रॉड काढावाच लागतो असं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळचं असेल तर मुठीच्या बुडाशी ठोकलेल्या अनुक्रमांकाआधीचं अक्षर वाचा. 'व्ही' म्हणजे व्हिक्टरी मॉडेल. १९४४ च्या अखेरीस असंच एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या डेकवर पडून गोळी सुटली आणि एक खलाशी गेला. त्यानंतर घोड्याला (काडतुसावर आदळणाऱ्या हातोडीला) अडवणारा नवा तुकडा बसवला गेला आणि अनुक्रमांकाआधी 'एस' आला. मोठ्या फ्रेमच्या १९४६ नंतरच्या काही नगांत हा नवा तुकडा आहे, पण घोड्याची चाल अजून युद्धापूर्वीची लांब आहे. संग्राहक त्यांनाच 'पोस्टवॉर ट्रान्झिशनल' म्हणतात.

अशी सरमिसळ दिसली की "कुणीतरी भाग बदललेत" असं म्हणायचा मोह होतो. मी स्वतः एकदा असा शेरा लिहून एक चांगलं रिव्हॉल्व्हर परत केलं होतं. अजून ते मनात सलतं. कारखान्यात बदल एका दिवसात होत नाही. आधीच घडवलेल्या फ्रेम आणि बॅरल वाया कोण घालवणार? शिवाय अनुक्रमांक फ्रेमवर ठोकला जातो. ती फ्रेम क्रमाने बाहेर पडलीच असं नसतं, म्हणून अनुक्रमांकावरून तारीख ठरवू नका.

निवाडा करायचा तो जुळणीवरून. पन्नाशीच्या दशकापर्यंतच्या नगांवर मुठीच्या बुडाचा अनुक्रमांक सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, बॅरलच्या खालच्या अंगाला आणि बहुधा उजव्या लाकडी पट्टीच्या आतही सापडतो. भिंगातून तिन्ही पाहा. आकडे जुळले आणि ठशांचं वळण सारखं असलं, तर वेगवेगळ्या काळातले भाग कारखान्यातच एकत्र आले, असं मी मानतो. बॅरलवरचा क्रमांक घासलेला किंवा खोलगट दिसला, तर मात्र मी नोंदीत तसंच लिहितो आणि "मूळ" हा शब्द वापरत नाही.