चिनी वैद्यकाचे जुने ग्रंथ वाचायचेत? काढ्यापासून सुरू करा

बेळगावात आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. आयुर्वेद शिकणारी पोरं ज्येष्ठमध, सुंठ न्यायला येतात, गल्ल्यामागची पुस्तकं बघतात आणि विचारतात, "काका, हे चिनी कुठून सुरू करायचं?"

मी कुठं चुकलो ते आधी सांगतो. मी 'हुआंगदी नेइजिंग' या चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथाचं पहिलं पान उघडून बसलो. 'सुवेन' आणि 'लिंगशू' असे त्याचे दोन भाग, प्रत्येकी 81 अध्यायांचे. पिवळा सम्राट विचारतो, त्याचा वैद्य छी बो उत्तर देतो. आपल्या संहितांसारखंच दिसतंय म्हणून वहीत तक्ता आखला: इकडं लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी, तिकडं आपली पंचमहाभूतं. आकाश कुठं बसवायचं यात दोन महिने गेले. त्यांची पाच म्हणजे मूळद्रव्यं नव्हेतच. एकातून दुसरं निघत जाणारी फेरी आहे ती. तक्ता फाडला. तुम्ही आखूच नका.

सुरुवात झांग झोंगजिंग या वैद्याच्या 'शांगहान लुन'पासून करा, म्हणजे थंडीतापावरच्या ग्रंथापासून. इसवी सन 200 च्या आसपासचा हा ग्रंथ. प्रस्तावनेत तो लिहितो की त्याच्या दोनशेहून जास्त माणसांच्या कुळातली दोन तृतीयांश माणसं दहा वर्षांच्या आत गेली, त्यातली बहुतेक थंडीतापानं. असा माणूस पाल्हाळ लावत नाही. रूढ आवृत्तीत 398 कलमं आहेत. रोज एकच घ्या. आधी लक्षण वाचा, पुस्तक मिटा, काय द्याल ते वहीत लिहा, मग उघडून ताडून बघा.

पहिल्या दिवशी बारावं कलम घ्या: ग्वेइझी काढा. ताप, घाम, अंगावर काटा. दालचिनीच्या कोवळ्या काड्या (आपण साल विकतो, काड्या नव्हे), पिओनी या फुलझाडाचं मूळ, भाजलेलं ज्येष्ठमध, ओलं आलं आणि 12 चिनी बोरं. सात मापं पाण्याचं मंद आचेवर तीन मापं करायचं. आपल्यासारखं अष्टमांश आटवायचं नाही. एक माप प्यायचं आणि थोड्या वेळानं वरून गरम पातळ पेज. हे वाचलं आणि खानापूरची आज्जी आठवली. शेजारची कन्नड मंडळी 'गंजी' म्हणायची, आज्जी 'पेज', पण पाजून वर घोंगडं घालणं दोन्ही घरांत सारखंच. ग्रंथ पुढं सांगतो: घाम हलका सुटावा, धारा लागू नयेत; एका मापात उतार पडला तर उरलेला काढा पाजू नका. खरं शिकायचं ते इथं आहे, घटकांच्या यादीत नाही.

वीसेक कलमं झाली की 'शन्नोंग बेनत्साओ जिंग' हा औषधींचा ग्रंथ शेजारी ठेवा. 365 औषधं, तीन प्रतींत (दर्जांत): वरची 120, मधली 120, खालची 125. वरची दीर्घकाळ घ्यायची, खालची बहुतेक विषारी आणि रोग हटवण्यापुरती. काढ्यातला एकेक घटक त्यात शोधा. बचनागाच्या जातीचं 'फूझी' खालच्या प्रतीत सापडेल. झांग झोंगजिंग ते काही काढ्यांत कच्चं घालतो, काहींत भाजून. गोमूत्रात बचनाग शुद्ध करताना ज्यानं पाहिलंय त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता 'सुवेन'कडं वळा, पण दुसऱ्या अध्यायावर. ऋतुचर्या आहे. शरदात कोंबड्याबरोबर उठा, हिवाळ्यात लवकर निजून ऊन वर आल्यावर उठा. पॉल उन्शुल्ड यांचं इंग्रजी भाषांतर घ्या. तळटीपा जड आहेत, तरी सोडू नका. 'नानजिंग' हा प्रश्नोत्तरांचा ग्रंथ शेवटी. त्यातले 81 प्रश्न मनगटाच्या नाडीपासून सुरू होतात, आणि नाडी पुस्तकावरून येत नाही.

मागच्या पावसाळ्यात एक पोरगा बारावं कलम लिहून चिठ्ठी घेऊनच आला, "काका, एवढं बांधून द्या." त्याला विचारलं, ल्यांग (ग्रंथातलं वजनाचं माप) किती ग्रॅमचा धरलास? ग्रंथ लिहिला त्या हान राजवटीच्या काळातला साधारण 14-15 ग्रॅम. आजचे पुष्कळ वैद्य 3 धरतात. तो गप्प. फक्त आलं दिलं, चहात घाल म्हणालो.