मावशी, चष्मा आणि सुताचा तुकडा

मुंबईत कलाकारांनी घडवलेल्या आधुनिक दागिन्यांचं प्रदर्शन बघायला जाताना काय न्यायचं आणि काय नाही, याची ही माझी यादी. सगळ्यात आधी वार बघा. काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, राणीबागेतल्या भाऊ दाजी लाडची सुट्टी बुधवारची. मी एकदा सोमवारी डोंबिवलीहून उभ्याने प्रवास करत गेले आणि बंद फाटकाला हात लावून परत आले. चूक माझीच. शनिवार-रविवारही टाळाच. चित्र दहा जण एकदम बघू शकतात. ब्रोच, म्हणजे कपड्याला पिनेने लावायचा दागिना, असतो पेढ्याएवढा, त्याच्या पेटीसमोर दोन डोकी आली की तिसऱ्याला नुसते केस दिसतात. मधल्या वारी सकाळी दार उघडता उघडता पोहोचलं की बरं.

कपडे गडद घाला. हे कुणी सांगत नाही. काचेच्या पेटीत वाकून बघताना पांढरा कुर्ता असा काही चमकतो की दागिन्याऐवजी आपणच दिसतो. जवळचा चष्मा पर्समध्ये नको, गळ्यात अडकवलेला हवा. कागद, पिसं, रंगवलेलं कापड उजेडाने विटतं, म्हणून अशा दालनात दिवे मुद्दाम मंद ठेवतात, आणि शेजारची चिठ्ठी तर मुंगीच्या अक्षरात. मोबाइलचा टॉर्च लावायचा नाही. बॅग बहुतेक ठिकाणी बाहेर ठेवावी लागते, तेव्हा लहानच घ्या. एक ओढणी किंवा शाल मात्र अंगावर असू द्या, एसी फार असतो. टिपणाला पेन नको, शिसपेन्सिल न्या.

आता सुताचा तुकडा. तो घरीच मनगटाभोवती, गळ्याभोवती धरून गाठी मारून न्या. नाहीतर चिठ्ठीवर ‘व्यास 62 मिमी’ लिहिलेलं असतं आणि आपल्याला काही बोध होत नाही. तुमच्या बांगडीचं माप आठवा. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सोळा भाग केले तर त्यातले सहा, आतून साधारण 60 मिलिमीटर. म्हणजे ते 62 चं कडं दोन-सहावालीच्या हातात सैलसर जाईल. हा हिशेब जमला की काचेआडची वस्तू एकदम अंगावर येते.

थोडं आधी वाचून जा, पण सगळं नको. ओटो क्युन्झली या स्विस कलाकाराचं 1980 चं ‘सोनं आंधळं करतं’ एवढं एक काम नीट समजून घेतलं तरी पुरे. काळ्या रबराच्या नळीचं कडं, आणि त्या नळीत सोन्याचा गोळा. बाहेरून दिसतो फक्त फुगवटा. सोनं आहे की नाही हे विश्वासावर. आपल्याला हे अवघड जाऊ नये, कारण वर सोन्याचा पत्रा आणि आत लाख भरलेले दागिने आपल्या घरात असतात. याने नुसतं आतलं बाहेर केलं. दुसरा कलाकार डच, खेइस बाकर. त्याने 1973 मध्ये दंडावर सोन्याची तार घट्ट बांधली आणि मग काढून टाकली. कातडीवर उरलेला वळ, तोच दागिना. आजीने पाटल्या उतरवल्या की मनगटावर फिकट पट्टा दिसायचा, तो आठवून बघा.

‘असल्या प्रदर्शनाला जाताना किती तोळ्याचं हा प्रश्न घरी ठेवून जा’ असं जाणकार सांगतात. मला ते पटत नाही. तो प्रश्न बरोबर न्यावा, कारण या मंडळींचं भांडण त्याच प्रश्नाशी आहे. बाकर आणि एमी व्हान लेरसुम यांनी 1967 च्या सुमारास पातेल्याच्या ॲल्युमिनिअमचे छातीभर कॉलर केले, ते सोनं म्हणजे प्रतिष्ठा हे नाकारायला. गंमत अशी, की त्याआधीच, 1963 मध्ये, आपल्याकडे सुवर्ण नियंत्रणाखाली 14 कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी आली होती आणि सोनार हातावर हात ठेवून बसले होते. तिकडे सोनं सोडणं ही बंडखोरी, इकडे सरकारी हुकूम.

म्हणूनच यादीत मावशी आहे. मावशी नसेल तर आत्या, शेजारच्या काकू, पण ठुशी आणि वज्रटीक लांबून ओळखणारी कुणीतरी बरोबर हवीच. कलेचा अभ्यास केलेली मैत्रीण चिठ्ठी वाचत बसते. माझी मावशी थेट पेटीच्या तळाला लावलेल्या आरशात वाकली आणि ब्रोचची पाठ बघायला लागली. “पिना दोन आहेत,” म्हणाली, “आणि मधोमध नाहीत, वरच्या अंगाला बसवल्यात. म्हणजे पदराला लावलं तरी फिरणार नाही की तोंडावर पडणार नाही.” ब्रोच होता निळ्या ॲक्रिलिकचा, कारल्यासारखा खडबडीत, आणि मी तोवर त्याला ‘वेगळं आहे’ म्हणून पुढे निघाले होते. तेव्हापासून मीही आधी पाठ बघते. फासा कुठे लपवलाय, फिरकी आहे की आकडा, डाग देऊन जोडल्याची खूण राहिलीय का. पुढून सगळेच कलाकार असतात, कारागीर कळतो मागून. निळा-जांभळा टायटॅनिअम दिसला तर तो रंगवलाय असं समजू नका. विजेने धातूवर पातळ थर चढवतात, आणि थराची जाडी बदलली की रंग बदलतो. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, “साबणाच्या फुग्यासारखं.” अगदी तसंच.

घरून निघताना अंगावर एकच दागिना ठेवा, रोजचा. हातभर बांगड्या काचेवर वाजतात आणि रखवालदार वळून बघतो. शिवाय दालनातून फिरून आल्यावर तोच रोजचा दागिना पुन्हा बघायचाय, वजन न सांगता त्याचं वर्णन करून. मला मंगळसूत्राचं दोन वाक्यांपलीकडे जमलं नाही.

पाय शिल्लक असतील आणि रविवार नसेल तर तिथून टॅक्सीने झवेरी बाजार गाठा. खरेदीला नव्हे. पेढ्यांमागच्या गल्ल्यांत शिरा. सोनाराच्या दुकानापुढची धूळ झाडून, धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणाऱ्याला आपल्याकडे झारेकरी म्हणतात. गटाराशी बसलेला एखादा अजून दिसतो. मावशी तिथे बराच वेळ उभी राहिली. मग तिला चहा हवा होता, आणि माझ्या खिशात मोड नव्हती. तेवढी सुट्टी नाणीही यादीत लिहून ठेवा.