विज्ञान-थरारकादंबरी कशी वाचावी: शास्त्राच्या परिच्छेदाशी अडखळणाऱ्यांसाठी

विज्ञान-थरारकादंबरी प्रथमच हाती घेणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. आधी थोडे भौतिकशास्त्र वाचून घ्या, हा पहिला. शास्त्राचा भाग सरळ गाळून पुढे जा, हा दुसरा. हे सल्ले देणाऱ्यांनी अशी एखादी कादंबरी रस घेऊन शेवटपर्यंत वाचली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पहिल्या सल्ल्याने पुस्तक उघडलेच जात नाही आणि दुसऱ्याने कथेतले पुरावेच नजरेआड होतात.

पुस्तक निवडताना पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात किंवा आपल्या वाचनालयात उभ्याउभ्याच मधले एखादे पान वाचून पाहावे. दोन पात्रे काही मिळवण्यासाठी किंवा लपवण्यासाठी बोलत असतील, तर पुस्तक घ्यावे. दोघांनाही ठाऊक असलेले शास्त्र एक जण दुसऱ्याला समजावून सांगत असेल, तर ते परत ठेवावे. मलपृष्ठ वाचू नये, तिथे निम्मे रहस्य फुटलेले असते. जाडजूड ग्रंथाची धास्ती वाटत असेल, तर मराठी विज्ञानकथांपासून आरंभ करावा. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. तेव्हापासूनच्या त्यांच्या कथा ग्रंथालयांत सहज मिळतात, आणि कथेचा आवाका बहुधा एका कल्पनेपुरता असल्यामुळे नवख्याची दमछाक होत नाही.

पहिली बैठक सलग तासाभराची असावी. वनाज ते रामवाडी मेट्रोचा प्रवास त्याला पुरत नाही. पुढची प्रकरणे तिथे खुशाल वाचावीत.

आता खरी अडचण. बहुतेक वाचक पहिल्या पन्नास-साठ पानांतच गळतात. तिथे एखाद्या यंत्राचे, विषाणूचे किंवा यानाच्या कक्षेचे पानभर वर्णन येते, संज्ञांची गर्दी होते, हेच कळले नाही तर पुढचे काय कळणार असे वाटू लागते आणि पुस्तक उशाशी पडून राहते. माझेही घोडे बराच काळ इथेच अडत असे. त्यावर लागू पडलेला उपाय असा, की परिच्छेद पूर्ण समजलाच पाहिजे हा हट्ट सोडावा आणि त्याला एकच प्रश्न विचारावा: या शास्त्रामुळे पात्रांना कोणती गोष्ट करता येणार नाही? साध्या थरारकथेत वाट खलनायक अडवतो. इथे ती निसर्गनियम अडवतो, आणि त्याला लाच देता येत नाही. लेखकाने पान खर्चून शास्त्र सांगितले असेल, तर त्यात ही अडवणूक कुठे तरी लिहिलेली असतेच. ती सापडली की उरलेल्या संज्ञा न कळताही पुढे जाता येते.

उदाहरणादाखल समजा, कथा मंगळावरच्या तळाची आहे. रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर या गतीने जातो, आणि मंगळ-पृथ्वी अंतर सतत बदलत असल्यामुळे त्याला एका बाजूने साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात. लेखक हे सांगताना अँटेना, कंपनसंख्या, ग्रहांची स्थिती असे बरेच काही सांगेल. आपण एवढेच टिपावे, की आज संदेशाला २० मिनिटे लागत आहेत, म्हणजे प्रश्नाचे उत्तर यायला किमान ४०. चार पानांनंतर तळाच्या दाराला गळती लागते आणि आत ३० मिनिटांची हवा उरते, तेव्हा पृथ्वीवरून कोणाचाही सल्ला वेळेत येणार नाही, हे पात्राच्या आधी आपल्याला कळलेले असते. शास्त्र गाळणाऱ्या वाचकाला मात्र हे पात्र पृथ्वीला विचारत का नाही, असा प्रश्न पडतो आणि लेखक उगाच ताणतो आहे असे वाटते.

हीच रीत इतर विषयांनाही लागू पडते. साथीच्या कथेत विषाणूच्या रचनेपेक्षा लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत किती दिवस जातात, हे पाहावे. तेवढे दिवस कोण रोगी आणि कोण निरोगी हे कोणालाच नुसते पाहून सांगता येणार नाही. अंतराळातून आलेल्या संकेताची कथा असेल, तर नारायणगावाजवळच्या खोडदची रेडिओ महादुर्बीण आठवावी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेना जिथे उभारल्या, ती जागा निवडताना मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हे एक महत्त्वाचे कारण होते. म्हणून अशा कथेत पहिला संशयित परग्रहवासी नसतो. जवळचा एखादा ट्रान्समीटर किंवा डोक्यावरून जाणारा उपग्रह असतो, आणि तो बाद होईपर्यंत कोणाला काही जाहीर करता येत नाही. ती तपासणीची पाने कंटाळवाणी म्हणून उलटणाऱ्याने तपासकथेचा गाभाच सोडला, असे मी म्हणेन.

अडवणूक सापडली की ती कागदाच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने लिहावी आणि तोच चिठोरा खूण म्हणून पुस्तकात ठेवावा. वर घेतलेल्या उदाहरणाची माझी चिठ्ठी ‘उत्तराला ४० मि., हवा ३० मि.’ एवढीच असेल. चिठ्ठीवर व्याख्या लिहू नयेत. तीन-चार ओळींपेक्षा अधिक लिहावे लागत असेल, तर आपण पुन्हा अभ्यासाला बसलो आहोत, हे ओळखून पेन्सिल खाली ठेवावी. आणि वाचताना संज्ञा मोबाइलवर मुळीच शोधू नये. एक तर तासभर तिथेच जातो, दुसरे म्हणजे पुस्तकाचे नाव टाकताच शेवटी कोण मरते हे न विचारता समोर येते.

परकी नावे लक्षात राहत नसतील, तर माणूस त्याच्या कामाने ओळखावा: डॉक्टरीण, वैमानिक, खोटे बोलणारा.

लेखकाला किती सूट द्यावी, याबाबत माझे मत ठाम आहे. आरंभी एक अशक्य गोष्ट गृहीत धरण्याचा त्याला हक्क आहे आणि तिथे वाद घालत बसणे हा अरसिकपणा होय. प्रकाशाच्या सुमारे ८७ टक्के वेगाने जाणारे यान आज कोणाजवळ नाही, तरी ते आहे असे मानून चालावे. मात्र त्या वेगाला यानातले घड्याळ पृथ्वीच्या मानाने निम्म्या गतीने चालते. तेव्हा यानात दहा वर्षे काढून परतलेल्या भावाला दोन-तीन वर्षांनी धाकटी असलेली बहीण वयाने मोठी झालेली दिसलीच पाहिजे. हा हिशेब लेखक विसरला, किंवा ऐन शेवटी त्याने नायकाला वाचवण्यासाठी नवाच शोध खिशातून काढला, तर पुस्तक अर्ध्यात सोडण्याचा हक्क आपलाही आहे. तो मी बिनदिक्कत वापरतो.

शास्त्राची शहानिशा शेवटचे पान उलटल्यावर करावी. त्या वेळी मोबाइलही चालेल, आणि विज्ञान दिनाच्या सुमारास पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत सर्वसामान्यांसाठी जे कार्यक्रम होतात, तिथे जाणकाराला गाठून विचारणे त्याहून बरे. पुस्तकाला लेखकाचे परिशिष्ट असेल, तर तेही आत्ताच वाचावे, आधी नव्हे. काय खरे आणि काय रचलेले हे सांगण्याच्या भरात लेखकमंडळी आपल्याच कथेतली गुपिते उघडी करून बसतात.