रेंज रिक्वेस्ट हाताळताना: २०६, ४१६ आणि एका बाइटचा घोळ

व्हिडिओ मधूनच पुढे सरकवला किंवा तुटलेलं डाउनलोड पुन्हा सुरू केलं, की ब्राउझर 'रेंज' हेडर लावून फाइलचा हवा तेवढाच तुकडा मागतो. एनजिनएक्स किंवा अपाचेसारखा वेब सर्व्हर डिस्कवरची फाइल थेट देत असेल, तर हे आपोआप होतं. लॉगिन वगैरे तपासून आपलाच कोड फाइल देत असेल, तर मात्र सगळा हिशेब आपल्यालाच करावा लागतो.

फाइल १००० बाइटची धरू. मोजणी शून्यापासून होते आणि शेवटचा आकडाही त्यात धरलेला असतो. म्हणून 'बाइट्स=०-४९९' म्हणजे ५०० बाइट. उत्तरात स्टेटस २०६ (म्हणजे फाइलचा काही भाग), कंटेंट-रेंज 'बाइट्स ०-४९९/१०००' आणि कंटेंट-लेंग्थ ५००. लांबी काढताना शेवट वजा सुरुवात अधिक एक. हा 'अधिक एक' विसरला की प्रत्येक तुकड्याचा शेवटचा बाइट गळतो.

'५००-' म्हणजे ५०० पासून अखेरपर्यंत. '-२००' म्हणजे पहिले नव्हे, शेवटचे २०० बाइट, म्हणजे ८०० ते ९९९. '९००-१५००' आलं तर शेवट ९९९ वर आणा, २०६ द्या. '१०००-' मात्र फाइलच्या बाहेर आहे: ४१६ (ही रेंज देता येत नाही) द्या आणि कंटेंट-रेंजमध्ये 'बाइट्स */१०००' लिहा, म्हणजे क्लायंटला खरा आकार कळतो. '५००-२००' असली उलटी रेंज सोडून द्या आणि २०० स्टेटसने पूर्ण फाइल पाठवा. अडचण आली की २०० हा बहुतेक वेळा सुरक्षित रस्ता.

तुकडा देताना फाइल अख्खी मेमरीत घेऊ नका. सुरुवातीच्या जागी सीक करा (थेट तिथे उडी मारा), ६४ केबीच्या घासांनी वाचा, उरलेले बाइट मोजत थांबा. आकड्यांसाठी ३२ बिटांचा इंटिजर वापरलात तर २ जीबीपुढे गणित कोलमडतं.

सर्वांत जास्त दुर्लक्षित असतो तो इफ-रेंज हेडर: फाइल बदलली नसेल तरच तुकडा दे, असं ब्राउझर त्यात सांगतो. डाउनलोड अर्ध्यावर असताना सर्व्हरवरची फाइल बदलली, तर जुना अर्धा आणि नवा अर्धा जोडून निरुपयोगी फाइल तयार होते, आणि एररही दिसत नाही. इफ-रेंजमधला ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) सध्याच्या ईटॅगशी जुळला तरच २०६, नाहीतर २०० आणि पूर्ण नवी फाइल. ईटॅग स्ट्राँग हवा, म्हणजे एक बाइट बदलला तरी बदलणारा. 'डब्ल्यू/' ने सुरू होणारा वीक ईटॅग इथे चालत नाही.

जीझिप, म्हणजे उत्तर दाबून पाठवणं, हा दुसरा सापळा. उत्तर जागच्या जागी कॉम्प्रेस होत असेल, तर बाइटचे आकडे मूळ फाइलचे की दाबलेल्या उत्तराचे, याचा गोंधळ उडतो. एमपी४, झिप, पीडीएफ यांना तसंही जीझिपचा फारसा फायदा नाही. तिथे ते बंदच ठेवा.

एकाच विनंतीत अनेक रेंज आल्या आणि तुकडेच द्यायचे असले, तर मल्टिपार्ट (अनेक तुकडे एकत्र बांधलेलं) उत्तर द्यावं लागतं. २०११ मध्ये एकमेकांवर चढणाऱ्या शेकडो रेंज मागून अपाचे सर्व्हरची मेमरी संपवणारा हल्ला गाजला होता. पण एकाहून जास्त रेंज आल्या की २०० देणंही नियमात बसतं. एनजिनएक्समध्ये 'मॅक्स_रेंजेस १' लिहिलं की काम होतं.

सर्व्हर रेंज विनंत्या हाताळतो हे 'अ‍ॅक्सेप्ट-रेंजेस: बाइट्स' ने सांगा. सफारी व्हिडिओसाठी आधी '०-१' एवढेच दोन बाइट मागून पाहतो. तिथे २०६ मिळालं नाही तर व्हिडिओ चालतच नाही. चाचणीसाठी कर्ल या कमांडने फाइल दोन तुकड्यांत उतरवा, जोडा आणि एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुराचा ठसा) मूळ फाइलशी ताडून पाहा.