लेट्युसवरची बुरशी: औषध सगळ्यात शेवटी

लेट्युस सडायला लागलं की पहिला प्रश्न हाच, कुठलं औषध मारू? अहो, आधी पान उलटं करून बघा. वर शिरांच्या मधे कोनदार पिवळे डाग आणि खाली पांढरी लव असेल तर डाऊनी, म्हणजे केवडा रोग. ती खरी बुरशी नाहीच, शेवाळांच्या नात्यातली आहे, त्यामुळे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक कितीही मारा, ढिम्म फरक पडणार नाही, तरी दुकानात तेच हातात देतात.

डाऊनी टाळायला गादीवाफे उंच ठेवा, पाणी ठिबकने द्या, रोपं दाटीवाटीने लावू नका. झालं.

आता दुसरा रोग, स्क्लेरोटिनिया, बुडातून सडवणारी बुरशी. मी याच्यापायी दोन सीझन मार खाल्लाय. बाहेरची पानं मान टाकतात, झाड ओढलं की बुडातून अलगद हातात येतं आणि तिथे कापसासारखी बुरशी. मी तेव्हा पंप घेऊन धावायचो आणि वरून फवारायचो, पण गड्डा भरल्यावर पानांची छत्रीच होते, बुडाशी थेंबही पोचत नाही. औषध मारायचंच तर रोपं रुजल्यावर, पानांनी जमीन झाकायच्या आधी, नोझल खाली धरून बुडाशी मारा. कोमेजलेलं झाड गेलं म्हणून समजा, त्याच्यावर पैसे घालू नका.

ते झाड मात्र त्याच दिवशी उचला, आजूबाजूच्या मातीसकट, थेट पिशवीत. दोन-चार दिवस थांबलात तर त्या कापसात काळे कडक दाणे धरतात, काही मोहरीपेक्षा बारीक, काही उंदराच्या लेंडीएवढे, आणि ते मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. मी उपटलेली झाडं बांधावर टाकायचो, म्हणजे पुढच्या रोगाची पेरणी मीच करत होतो! शेणखताच्या खड्ड्यातही नको.

फेरपालट मक्याची किंवा गव्हाची करा. घेवडा, टोमॅटो, सूर्यफूल ही तर त्याच रोगाची माहेरघरं. कोनिओथिरियम ही बुरशी ते काळे दाणे खाते, पण ती लागवडीच्या दोन-तीन महिने आधी मातीत मिसळावी लागते, झाड कोमेजल्यावर शिंपडून उपयोग नाही.

डाऊनीची फवारणी करायचीच तर डाग दिसायच्या आधी, गार आणि दमट हवा सुरू झाली की, पानाच्या खालूनही. एकाच गटाचं, म्हणजे एकाच पद्धतीने काम करणारं औषध सलग मारू नका. लेबलवर लेट्युसचं नाव आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं ते वाचा, हे पान लोक कच्चं खातात.